एका वेळी एकच गोष्ट बदला: महान खेळाडूंच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

खाशाबा जाधवांची जन्मशताब्दी येत्या १५ जानेवारीला. राज्य क्रीडा दिनही तोच. कॉलेजच्या जिमखाना हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं ठरलं आहे आणि संख्याशास्त्र विभागाच्या वाट्याला विषय आला आहे तो असा: वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या खेळांतल्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंची तुलना. त्यांचं गाव गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. प्रदर्शनाला तालमीतली, गावातली माणसं येणार आणि फलकावरचं प्रत्येक वाक्य वाचून जाब विचारणार. वरवरचं काही चालायचं नाही.

द्वितीय वर्षाच्या मुलांनी आज पहिली यादी केली. सचिन, ब्रॅडमन, पेले, मेस्सी, महंमद अली, बोल्ट, फेल्प्स, जोकोविच, ध्यानचंद. ‘सचिन मोठा की बोल्ट?’ यावर वर्गात जे मुद्दे निघाले ते सगळे प्रेमाचे होते. प्रेम मला मान्य आहे, हा विषय तिथूनच सुरू होतो. पण भिंतीवर लावायचं तर आधी मोजायचं काय ते ठरायला हवं.

६ नोव्हेंबर

पहिला प्रस्ताव: ऑलिंपिक पदकं मोजा. मायकेल फेल्प्सची २८ पदकं, त्यांतली २३ सुवर्ण, एकट्या २००८च्या बीजिंगमध्ये ८ सुवर्ण. विषय संपला, असं एका मुलाचं म्हणणं.

जिमखान्याच्या सरांनी त्याला एवढंच विचारलं, “पैलवान एका ऑलिंपिकमधून जास्तीत जास्त किती पदकं आणू शकतो?” एक. क्यूबाचा मिहाईन लोपेस ग्रीको-रोमन कुस्तीच्या सर्वांत वजनदार गटात २००८ ते २०२४ अशी सलग पाच ऑलिंपिक जिंकला. कोणत्याही खेळात एकाच वैयक्तिक प्रकारात सलग पाच सुवर्ण मिळवणारा तो पहिला. त्याच्यापुढे दर चार वर्षांनी एकच पदक ठेवलेलं असे आणि ते त्याने पाचही वेळा उचललं. पदकांच्या गणतीत मात्र तो फेल्प्सच्या पाव भागाइतकाही भरत नाही. ब्रॅडमन तर शून्यावर, कारण त्याच्या काळात ऑलिंपिकमध्ये क्रिकेटच नव्हतं. प्रस्ताव रद्द.

११ नोव्हेंबर

पद्धत ठरली. एका समीकरणात दोन अज्ञातं असली तर उत्तर निघत नाही. ब्रॅडमनची बोल्टशी तुलना करताना काळही बदलतो आणि खेळही, म्हणून सगळा गोंधळ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एका भिंतीवर खेळ तोच ठेवून काळ बदलायचा. दुसऱ्या भिंतीवर काळ तोच ठेवून खेळ बदलायचे. दोन्ही एकदम बदलणारी तिरकी तुलना सगळ्यांत शेवटी, आणि तीही या दोन भिंतींवरून जे कळेल तेवढ्याच आधारावर.

दुसऱ्या भिंतीसाठी कोणता काळ घ्यायचा यावर मुलांनी विचार करून यायचं आहे.

१७ नोव्हेंबर

पहिल्या भिंतीसाठी इतकं चोख उदाहरण सापडेल असं वाटलं नव्हतं. सायकलिंगमध्ये ‘अवर रेकॉर्ड’ असतो. ट्रॅकवर एकट्याने एक तास सायकल मारायची आणि अंतर मोजायचं. प्रतिस्पर्धी नाही, संघ नाही, डावपेच नाहीत. दोन काळांची तुलना करायला याहून सरळ खेळ कुठला असणार?

बेल्जियमच्या एडी मर्क्सने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर अंतर कापलं. १९८४ साली इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने भरीव चकतीसारखी चाकं वापरून ५१ किलोमीटर ओलांडले. १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने घरी बनवलेल्या सायकलीवर ५१.५९६ केले, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्राचं बेअरिंग बसवलेलं होतं. १९९६ साली मँचेस्टरला ब्रिटनच्या ख्रिस बोर्डमनने दोन्ही हात पुढे ताणून, जवळजवळ आडवं होऊन ५६.३७५ किलोमीटर मारले. आकडेच पाहायचे तर बोर्डमन मर्क्सपेक्षा तासाला सात किलोमीटरने सरस.

पुढे आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने जे केलं ते मी मुलांना दोनदा सांगितलं, कारण खेळांच्या इतिहासात असं क्वचितच घडतं. महासंघाने नियम केला की हा विक्रम मर्क्सच्या वेळेसारख्याच सायकलीवर व्हायला हवा: गोल नळ्यांची फ्रेम, तारांची चाकं, खाली वळलेलं हँडल. २७ ऑक्टोबर २०००ला बोर्डमन तशा सायकलीवर बसला आणि तासाभरात त्याने ४९.४४१ किलोमीटर कापले. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर जास्त! अठ्ठावीस वर्षांचं प्रशिक्षण, आहारशास्त्र, वाऱ्याच्या बोगद्यातले प्रयोग, आणि हातात उरले दहा मीटर.

एका विद्यार्थिनीने लगेच शंका काढली, आणि ती रास्त आहे. बोर्डमन १९९६ साली ऐन भरात होता आणि २००० साली निवृत्तीच्या उंबरठ्यावर. म्हणजे गेलेले सात किलोमीटर सगळेच सायकलीचे नाहीत, काही वयाचेही आहेत. उलट बाजूने, मेक्सिको सिटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर. तिथे हवा विरळ, त्यामुळे अडथळा कमी, पण छातीत जाणारा प्राणवायूही कमी. मर्क्स तर त्याच वर्षी टूर द फ्रान्स आणि जिरो दितालिया या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकून, हंगामाच्या अखेरीला तिथे उतरला होता. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी कुणालाच नेमकी करता येणार नाही. तरी दोन माणसांमधलं अंतर आणि दोन यंत्रांमधलं अंतर या वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका तासाइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. फलक क्रमांक एक हाच.

२०१४ पासून आधुनिक सायकलींना पुन्हा परवानगी मिळाली. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये ५६.७९२ किलोमीटर मारले आहेत. फलकावर एका ओळीत.

२२ नोव्हेंबर

सकाळी मैदानावर. मुलांना हातघड्याळं देऊन एकाच धावपटूची शर्यत सगळ्यांना मोजायला लावली. एकाच धावेच्या वेळा दोन-तीन दशांश सेकंदांनी वेगवेगळ्या आल्या. बंदुकीच्या आवाजाला बोट उशिरा दबतं, शेवटची रेषा मात्र डोळ्याला आधीच दिसत असते, म्हणून हातघड्याळ धावपटूला थोडी सूट देतं.

मिल्खा सिंगांचा फलक यासाठीच हवा. रोम, १९६०, ४०० मीटरची अंतिम शर्यत. अधिकृत वेळ हातघड्याळावरची ४५.६, विजेच्या घड्याळावरची ४५.७३. पहिले दोघे, ओटिस डेव्हिस आणि कार्ल काउफमान, यांची अधिकृत वेळ ४४.९. माणूस ४५ सेकंदांच्या आत पहिल्यांदा धावला तो या शर्यतीत. मिल्खा चौथे. धावपट्टी कोळशाच्या राखेची. त्यांच्या ४५.७३ला भारतात १९९८ पर्यंत कुणी मागे टाकू शकलं नाही. त्या वर्षी परमजित सिंगने ४५.७० केले, तेही सिंथेटिक ट्रॅकवर. अडतीस वर्षांत तीन शतांश सेकंद.

आकडा लिहिताना त्याच्या शेजारी धावपट्टी कशाची होती आणि घड्याळ कोणतं होतं हे लिहायचंच, असा नियम केला. जेसी ओवेन्स १९३६ साली बर्लिनमध्ये छोट्या खुरपीने पायापुरते खड्डे खणून धावायला सुरुवात करायचा. त्याच्या १०.३ सेकंदांसमोर बोल्टचे ९.५८ नुसते ठेवले तर आपण काहीच सांगितलेलं नसतं.

२६ नोव्हेंबर

पी. टी. उषा, लॉस एंजेलिस १९८४, ४०० मीटर अडथळे: ५५.४२ सेकंद. एक शतांश सेकंदाने कांस्य हुकलं. २०२३च्या हांगझू आशियाई स्पर्धेत विद्या रामराजने प्राथमिक फेरीत वेळ नोंदवली ५५.४२. शंभराव्या भागापर्यंत तीच. दोन्हीकडे सिंथेटिक ट्रॅक, दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक घड्याळ.

आकडा तोच, पण जग कुठे होतं? १९८४ च्या उन्हाळ्यात जागतिक विक्रम होता ५३.५८, म्हणजे उषा त्यापासून १.८४ सेकंद दूर. २०२३ साली विक्रम होता ५०.६८, म्हणजे ४.७४ सेकंदांचं अंतर. याला दुसरी बाजूही आहे: महिलांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये १९८४ सालीच पहिल्यांदा झाली, प्रकार नवा होता, विक्रम कच्चा होता. शिवाय सोव्हिएत संघाचा बहिष्कार असल्यामुळे विक्रमवीर मार्गारिता पोनोमारेव्हा शर्यतीत नव्हती. दोन्ही वाक्यं फलकावर राहतील. त्याने उषा लहान होत नाही. ज्या देशात तेव्हा सिंथेटिक ट्रॅक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, तिथून येऊन ती हे धावली.

२ डिसेंबर

आता विभागाचं मुख्य काम. वेगवेगळ्या खेळांचे आकडे एका पट्टीवर आणायचे कसे?

टक्केवारी चालत नाही, हे मुलांनीच करून पाहिलं. ब्रॅडमनची कसोटी सरासरी ९९.९४. त्याच्या समकालीनांत वेस्ट इंडिजचा जॉर्ज हेडली ६०.८३ वर. म्हणजे ब्रॅडमन १.६४ पट. आता बॉब बीमन: १९६८ साली मेक्सिकोत ८.३५ मीटरचा विक्रम एका उडीत ८.९० वर नेला. ५५ सेंटिमीटरची ही झेप अचाट मानली जाते आणि ती भरते साडेसहा टक्के. ब्रॅडमनच्या पटीत उडी मारायची तर बीमनला पावणेचौदा मीटर जावं लागलं असतं. मानवी शरीर ते करू शकत नाही. धावांची सरासरी ताणली जाऊ शकते, स्नायूंना मर्यादा असते.

म्हणून प्रमाण विचलन. त्या त्या खेळातले अव्वल खेळाडू सरासरीच्या आसपास किती विखुरलेले आहेत ते मोजायचं आणि आपला खेळाडू तशा किती पावलं पुढे उभा आहे ते पाहायचं. ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिसने हे केलेलं आहे: ब्रॅडमन ४.४, पेले ३.७, बेसबॉलचा टाय कॉब ३.६, गोल्फचा जॅक निक्लॉस ३.५, बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन ३.४. सामान्य वितरणात चार विचलनांपलीकडचा माणूस तीस हजारांतही एखादाच सापडतो. कसोटी फलंदाज तर आजवर काही हजारच झाले.

हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग शांत झाला. मग एक हात वर आला: “सर, पण तेव्हा क्रिकेट खेळणारे देश किती?” चांगला प्रश्न. मोजके. ब्रॅडमनच्या ५२ कसोटींपैकी ३७ एकट्या इंग्लंडविरुद्ध. खेळणारे कमी असले की विखुरणं जास्त असतं आणि एखाद्याला वेगळं उठून दिसणं सोपं जातं. जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्डने बेसबॉलबद्दल हेच दाखवलं होतं. १९४१ साली टेड विल्यम्सची फलंदाजी सरासरी .४०६ होती, म्हणजे हजार संधींत ४०६ यशस्वी फटके. त्यानंतर अमेरिकन आणि नॅशनल या मोठ्या साखळ्यांत पूर्ण हंगामात कुणी .४०० गाठलं नाही. कारण फलंदाज खालावले नाहीत, सगळ्यांचाच दर्जा वर सरकत गेला आणि टोकाला जागा उरली नाही.

यावर माझं म्हणणं मी नोंदवून ठेवतो. त्याच लहान डबक्यात हॅमंड होता, हटन होता, सटक्लिफ होता, हेडली होता. एकही ६१ च्या वर नाही. १९३२-३३ मध्ये इंग्लंडने फक्त ब्रॅडमनसाठी बॉडीलाइनची चाल रचली, अंगावर चेंडू टाकले, आणि तरी त्या मालिकेत त्याची सरासरी ५६.५७. इतरांच्या आयुष्यभराच्या कमाईएवढा त्याचा पडता काळ. डबकं लहान होतं हे मान्य, पण एवढं अंतर केवळ डबक्यामुळे पडत नाही.

५ डिसेंबर

गूल्डचं म्हणणं खरं असेल तर आजच्या काळात कुणी इतरांपासून फार दूर उभा राहू नये. पण मोंडो डुप्लांटिस उभा आहे. यंदा सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पोल व्हॉल्टमध्ये ६.३० मीटर, त्याचा चौदावा विश्वविक्रम. रौप्य मिळालं ६.०० मीटरला. ज्या खेळात सेंटिमीटर-सेंटिमीटरने पुढे जातात तिथे तीस सेंटिमीटर!

त्याच्यामुळे मागे जात जात मी कॉर्नेलियस वॉर्मरडॅमपाशी पोचलो आणि दोन दिवस तिथेच रमलो आहे. अमेरिकेचा हा शिक्षक बांबूची काठी घेऊन उडायचा. १९४० साली १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर, ओलांडणारा तो पहिला. पुढे त्याने ही उंची ४३ वेळा पार केली आणि त्यानंतर, १९५१ साली, दुसऱ्या कुणाला ती पहिल्यांदा जमली. १९४२ सालचा त्याचा ४.७७ मीटरचा विक्रम १९५७ पर्यंत टिकला. त्याच्या ऐन उमेदीची १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिंपिक महायुद्धात गेली. त्याच्या नावावर एकही ऑलिंपिक पदक नाही, म्हणून कुठल्याही यादीत तो नसतो.

फायबरग्लासची काठी साठच्या दशकात आली आणि सगळं चित्र बदललं. ती वाकते आणि माणसाला वर फेकते. बांबूची काठी तुलनेने ताठ, ती फक्त आधार देते. डुप्लांटिसची उंची वॉर्मरडॅमला ऐकवण्यात काही अर्थ नाही. दोघांनी आपापल्या काळातल्या बाकीच्यांना किती मागे टाकलं, एवढंच शेजारी शेजारी मांडता येतं, आणि तसं मांडलं तर हे दोघे सख्खे भाऊ शोभतात. वॉर्मरडॅमला स्वतंत्र फलक. यावर माझं म्हणणं कुणी ऐकणार नसेल तरी मी ते मांडत राहीन.

१० डिसेंबर

दुसऱ्या भिंतीचा काळ ठरला: १९४८ चा लंडनचा उन्हाळा. हे तृतीय वर्षाच्या एका मुलीने सुचवलं आणि जसजसं पाहत गेलो तसतसं वाटत गेलं की याहून चांगली निवड होणारच नाही.

२९ जुलै ते १४ ऑगस्ट १९४८ लंडनमध्ये ऑलिंपिक. शहर बॉम्बहल्ल्यांतून नुकतं सावरत होतं, अन्नधान्याचं रेशनिंग चालू होतं. त्याच उन्हाळ्यात ब्रॅडमन शेवटच्या दौऱ्यावर इंग्लंडमध्ये. ऑलिंपिकचा समारोप झाला त्याच दिवशी, १४ ऑगस्टला, ओव्हलवर एरिक होलिसने त्याला शून्यावर बाद केलं आणि सरासरी ९९.९४ वर थांबली. दोन दिवस आधी, १२ ऑगस्टला, स्वतंत्र भारताच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४-० हरवलं होतं. एमिल झाटोपेकने १०,००० मीटरमध्ये सुवर्ण जिंकून जगाला आपलं नाव सांगितलं, तेही तिथेच. आणि फ्लायवेट गटात सहावे आले कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव.

या भिंतीवर माझ्या मते सर्वांत मोठी आहे ती नेदरलँड्सची फॅनी ब्लँकर्स-कोएन. वय तीस, दोन मुलांची आई. १०० मीटर, २०० मीटर, ८० मीटर अडथळे आणि ४ × १०० रिले, चारही सुवर्ण. एवढं बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढचं कमी लोक सांगतात. उंच उडी आणि लांब उडीचे विश्वविक्रमही त्या वेळी तिच्याच नावावर होते, पण एका खेळाडूला तीनच वैयक्तिक प्रकारांत उतरता येत असे, म्हणून ती त्यांत उतरलीच नाही. लांब उडी जिंकली गेली ५.६९ मीटरला, फॅनीचा विक्रम होता ६.२५. उंच उडी जिंकली गेली १.६८ला, तिचा विक्रम १.७१. तिचीही १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक युद्धाने खाल्ली होती.

मुलांना सांगितलं की हे अंतर पुन्हा एकदा वाचा. जिथे ती उतरलीसुद्धा नाही तिथली सुवर्णपदकंही तिच्या हाताच्या टप्प्यात होती.

(त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी नाबाद ४५२ ला नऊ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामना सोडून दिला. भाऊसाहेबांना कसोटी एकही मिळाली नाही. लंडनच्या भिंतीवर हे बसत नाही, पण याला जागा दिली नाही तर मला झोप लागणार नाही. दाराशेजारी छोटा फलक.)

१६ डिसेंबर

जवळच्या तालमीतले वस्ताद आले होते. खाशाबांचा फलक तयार होण्याआधी त्यांना दाखवायचा असं जिमखान्याच्या सरांनी कबूल केलं होतं. मुलांनी विचारलं, “वस्ताद, माती आणि मॅट यात एवढा काय फरक?” ते म्हणाले, “मातीत गुण-बिण नसत्यात. पाठ लागली की संपलं. मॅटवर घड्याळ चालतं, पकडीला गुण, बाहेर गेलं की परत मधी. आन् पायाखाली रुतत नाही, तोलच वेगळा. पोरगं इथं दहा वर्सं मातीत वाढलंय, त्याला तिथं उभं राहायलाच पुन्हा शिकावं लागतं.”

त्यांना आमचा तक्ता दाखवला. १९४८: फ्लायवेट, सहावा क्रमांक. १९५२, हेलसिंकी: बँटमवेट फ्रीस्टाइल, कांस्य. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केल्याची हकिगत इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. म्हणून फलकावर आम्ही दुसरं काहीतरी मांडतो आहोत.

१९४८ ला जपानला निमंत्रण नव्हतं. सोव्हिएत संघ त्या ऑलिंपिकला आलाच नव्हता, तो पहिल्यांदा उतरला १९५२ साली. म्हणजे कुस्तीतल्या दोन बलाढ्य देशांशिवाय झालेल्या लंडनमध्ये खाशाबा सहावे होते. चार वर्षांनी ते दोन्ही देश आखाड्यात उतरले, गर्दी वाढली, आणि खाशाबा तिसरे आले. त्यांच्या गटात सुवर्ण जपानच्या शोहाची इशीईला, रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद ममादबेयोव्हला. अगदी त्याच दोन देशांना! जुन्या लंडनच्या मोजमापाने पाहिलं तर त्यांच्यापुढे कुणीच नव्हतं.

वस्ताद तक्त्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “ह्ये कुणी सांगितलंच नव्हतं. मोठ्या अक्षरात लावा.” मोठ्या अक्षरात लावतो आहोत.

२० डिसेंबर

वरच्या शोधावरून एक कायमची रांग तक्त्यात वाढवली: ‘मैदानात कोण नव्हतं?’ ब्रॅडमन, वॉर्मरडॅम, फॅनी: युद्ध. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मोठ्या साखळीतलं बेसबॉल: कृष्णवर्णीयांना मज्जाव, म्हणजे टाय कॉबच्या ३.६ मध्ये त्यांची गैरहजेरी मिसळलेली आहे. टेनिसमध्ये उलटं. रॉड लेव्हरने १९६२ साली चारही ग्रँड स्लॅम जिंकले आणि तो व्यावसायिक झाला. हौशी खेळाडूंसाठीच्या या स्पर्धांचे दरवाजे त्याला १९६८ मध्ये व्यावसायिकांना मुभा मिळेपर्यंत बंद राहिले. परत येऊन १९६९ ला त्याने पुन्हा चारही जिंकले. त्याची ११ जेतेपदं जोकोविचच्या २४ शेजारी ठेवताना मधली पाच वर्षं रिकामी दाखवलीच पाहिजेत.

२७ डिसेंबर

पूर्व जर्मनीच्या मारिटा कॉखचे ४०० मीटरमधले ४७.६० सेकंद, १९८५, आजही विश्वविक्रम. घ्यायचा का? तिची चाचणी कधी सदोष आली नाही. पण पूर्व जर्मनीचा सरकारी उत्तेजक कार्यक्रम जर्मनीच्या एकीकरणानंतर कागदपत्रांसह उघड झाला. तुलनेत घेत नाही, कारण तिथे माणूस किती आणि औषध किती हे वेगळं काढता येत नाही. सायकलीच्या बाबतीत ते निदान काही प्रमाणात करता आलं होतं. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सात जेतेपदं तर २०१२ साली काढूनच घेतली गेली. यावर जास्त वेळ घालवला नाही.

५ जानेवारी २०२६

तिरक्या तुलनेचा फलक. मुलांचं म्हणणं होतं की क्रम देऊ नये, वाद होतील. मी म्हटलं, क्रम द्यायचा. दोन महिने मोजून शेवटी हात झटकले तर गावातून येणाऱ्यांचा तो अपमान आहे. ते उत्तर मागायला येतात, आपण कारणांसहित उत्तर द्यावं आणि त्यांनी ते खोडावं.

पहिला ब्रॅडमन. समकालीनांपासून इतका दूर कुठल्याही खेळात कुणी उभा राहिलेला मला दिसत नाही आणि लहान डबक्याचा आक्षेप जमेस धरूनही ते अंतर उरतं. दुसरी फॅनी ब्लँकर्स-कोएन, कारण तिचं अंतर एका प्रकारात नाही, पाच-सहा प्रकारांत आहे, आणि तेही मधली दोन ऑलिंपिक गमावून. तिसरा मर्क्स: अठ्ठावीस वर्षांनंतर तशाच सायकलीवर बोर्डमन त्याच्या फक्त दहा मीटर पुढे जाऊ शकला. डुप्लांटिसची कारकीर्द चालू आहे, त्याची जागा पेन्सिलने लिहिली आहे. वॉर्मरडॅमला पाचवा ठेवला. मुलांना तिथे बोल्ट हवा होता. बोल्टने बर्लिनमध्ये ९.५८ केले तेव्हा त्याच शर्यतीत टायसन गे ९.७१ धावला. अंतर थोर आहे, पण ४३ विरुद्ध शून्य नाही.

फेल्प्स आणि सचिन पहिल्या पाचांत नाहीत. सचिनची १५,९२१ कसोटी धावांची आणि शंभर आंतरराष्ट्रीय शतकांची थोरवी टिकण्यात आहे. ती आमच्या पट्टीवर उतरत नाही, कारण ही पट्टी अंतर मोजते, चोवीस वर्षांचा भार मोजत नाही. हे वाक्य फलकावर त्याच्या फोटोखाली जसंच्या तसं जाणार.

खाशाबाही या क्रमवारीत नाहीत. त्यांच्याच जन्मशताब्दीच्या प्रदर्शनात हे लिहिताना जिमखान्याच्या सरांशी बराच वेळ बोललो. एक कांस्य म्हणजे जगातला सर्वकालीन श्रेष्ठ पैलवान नव्हे, आणि तसं म्हटलं तर रशियाचा पैलवान करेलिन आणि लोपेस यांच्यापुढे आपणच त्यांना उगाच उभं करतो. त्यांचं मोठेपण दुसऱ्या राशीचं आहे: सुरुवात कुठून झाली आणि पोचले कुठे. स्वतंत्र भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला १९९६ उजाडावं लागलं. ती राशी मोजायला वेगळी भिंत आहे आणि हॉलमध्ये शिरताच समोर तीच आहे. सरांना पटलं.

१३ जानेवारी

फलक छापून आले. अवर रेकॉर्डच्या फलकावर दशांश चिन्ह पुसट आलंय, तो एक पुन्हा छापायला दिला.

पुढच्या सत्रासाठी काम ठरवून ठेवतो. यात्रांच्या मैदानांतल्या कुस्त्यांच्या नोंदी आपल्याकडे जवळजवळ नाहीत. कोण कुणाशी लढला, किती मिनिटांत निकाल लागला, कुठला डाव, हे वस्तादांच्या पिढीला तोंडपाठ आहे आणि कागदावर कुठेच नाही. कबड्डीचंही तेच, १९९० पासून ती आशियाई स्पर्धांत आहे, पण त्याआधीच्या स्थानिक सामन्यांचे आकडे सापडत नाहीत. अंतर मोजायचं तर आधी बाकीचे किती होते ते माहीत हवं. वस्तादांनी जुने पैलवान गाठून देतो म्हटलं आहे. दोन विद्यार्थी, एक रेकॉर्डर आणि एक वही घेऊन फेब्रुवारीपासून सुरुवात. पहिली बैठक तालमीतच, संध्याकाळच्या मेहनतीनंतर.